वैशे, तक्त्यात एक काळा गोल वाढव

प्रिय वैशे,

आधी हव्या तेवढ्या शिव्या दे आणि मग पुढचं वाच. डोहाळजेवणाला तुला बोलावलं नाही, बाळ झाल्याचं कळवलं नाही, आणि आता एकदम एवढं लांबलचक पत्र. फोन का नाही, तर इथे आयसीयूत शिरण्याआधी मोबाइल काढून घेतात आणि दर तीन तासांनी दूध काढायच्या खोलीत बसवतात. तिथे मला वेळच वेळ, आणि कागद म्हणशील तर औषधांच्या बिलांच्या पाठी कोऱ्याच असतात. बिलं किती झाली याचा अंदाज तुला पत्राच्या लांबीवरून येईल.

मी बरी आहे. टाके सुकले. आता मुद्द्याचं.

मुलगी झाली. मिरजेला, सिझर, दिवस पुरे भरायच्या आधीच. बाहेर आली ती एका चकचकीत, ताणलेल्या आवरणात, अंगभर कुणी वॉर्निशचा हात फिरवावा तशी. पापण्या बाहेर उलटलेल्या, ओठ ताणून उघडे, बोटं आखडलेली. डॉक्टर म्हणाले, 'कोलोडियन बेबी'. मावशींनी तासाभरात 'प्लास्टिकचं बाळ' म्हणून अख्ख्या मजल्याला बातमी दिली. दुपारी भलत्याच वॉर्डातले लोक काचेला नाक लावून बघायला आले, तेव्हा संजूने एकाची कॉलर धरली. हो, तुझी ती 'गरीब गाय'.

तिला काचेत ठेवलंय. कातडीचं मुख्य काम पाणी आत धरून ठेवायचं, हे मला या वयात कळलं. तिचं ते आवरण दिसायला जाड, पण पाणी अडवत नाही. त्याला भेगा पडतात. तिथून पाणी जातं, ऊब जाते आणि जंतू आत शिरतात. सुरुवातीला तिचं सोडियम 154 वर गेलं होतं, 145 च्या आत हवं असतं. म्हणून पेटीत मुद्दाम दमट हवा सोडतात. काचेवर इतकी वाफ धरते की तिचं तोंड बघायला सिस्टरला काच पुसायला सांगावी लागते. पांढरं व्हॅसलीन आणि लिक्विड पॅराफिन हातमोजे घालून हलक्या हाताने लावायचं, दिवसातून कितीतरी वेळा. पापण्या मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत सतत थेंब. चिकटपट्टी कुठेच लावायची नाही, सलाइनची सुईसुद्धा मऊ बँडेजने बांधलीय. ओठांनी ओढता येत नाही, म्हणून दूध तोंडातल्या नळीने. आत्याने तासगावहून चांदीचं बोंडलं आणलंय, ते अजून तिच्या पिशवीतच आहे.

तेलाची बाटलीही आणली होती. तेल, हळद, डाळीचं पीठ, सगळ्यालाच मनाई. सुटलेला पापुद्रा ओढायचा नाही, आपसूक गळू द्यायचा. तुला आठवतं, हॉस्टेलवर उन्हाने सोललेल्या माझ्या खांद्याची सालपटं तू कशी आवडीने ओढायचीस? तुला इथे दारातसुद्धा उभं करणार नाहीत.

पाचवी इथेच झाली. म्हणजे आत्याने व्हरांड्यातल्या बाकावर कोरा कागद, पेन आणि हळदकुंकू मांडलं आणि वॉचमनने ते उचलायला लावलं. मी रात्रभर एकच विचार करत होते. सटवाई आलीच, तर लिहिणार कुठे? कपाळावरचं ते आवरण दोन ते चार आठवड्यांत गळून पडणार. म्हणजे लिहिलेलं सगळं गेलं की नाही? संजूला सांगितलं तर तो म्हणाला, बरंच झालं, खाडाखोडीला जागा राहिली. वैशे, त्या रात्री आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टरने हाकललं.

ते गळल्यावर खाली काय निघेल, हे डॉक्टरांना आज सांगता येत नाही. दहातल्या एखाद्या बाळाची कातडी जवळजवळ नेहमीसारखी होते. बाकीच्यांची जन्मभर खवल्यांची राहते. कुणाची मोठी काळसर खवली, कुणाची लालसर अंगावर बारीक. जिवावरचे ते आत्ताचे आठवडे, पुढे ती शाळेत जाईल, सगळं करेल, फक्त घाम नीट येणार नाही, उन्हाळ्यात अंग तापेल. आता तासगावच्या एप्रिलात घाम न येणारं पोर कसं सांभाळायचं ते तू सांग. संजूने आत्तापासून कूलरच्या चौकशा चालवल्यात. बागेत द्राक्षं काढणीला आलीत आणि हा बाबा व्यापाऱ्याला फोनवर विचारतो, तुमच्याकडे एसी कुठला आहे?

पण मी तुला लिहितेय ते याच्यासाठी नाही.

आत्या आधी ग्रहणावर होती. 7 सप्टेंबरच्या, भाद्रपदातल्या. त्या रात्री मी काय चिरलं? कोथिंबीर निवडली होती, चिरलीसुद्धा नाही. मी म्हटलं, आत्या, हे मे महिन्यातच ठरलेलं, ग्रहण चार महिन्यांनी लागलं. मग ती गप्प झाली. आमच्या घरात दोष देण्याची भारी पंचाईत आहे बघ. सून परकी असती तर तिच्या माहेरावर ढकलून मोकळे झाले असते. इथे सासूच माझी आत्या, माझं माहेर तेच तिचं माहेर.

तर, तुझा तो वंशावळीचा तक्ता. मेसच्या पायऱ्यांवर खडूने काढलेला. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा, नात्यातल्या लग्नाला दोन समांतर रेघा, आजार असेल तो काळा भरायचा, आणि झूऑलॉजीवाल्या बाईंचं व्याख्यान, की सख्ख्या आते-मामेभावंडांत आठवा हिस्सा सारखा असतो. मी म्हटलं, तुला माझं लग्न बघवत नाही. दादांनी तर मला 1955 चा कायदा काढून दाखवला होता, रूढी असेल तर चालतं म्हणून, आणि तो मी जशाचा तसा तुझ्या तोंडावर फेकला. तू लग्नाला आली नाहीस. तुझ्या लग्नाला जायचं नाही असं मी ठरवलं, तर तू लग्नच केलं नाहीस. माझा सूड फुकट गेला.

आता 'बघ, मी सांगत होते' म्हणायचं नाही. तुला म्हणू देणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या अशीच लग्नं झाली आणि पोरं दगडासारखी ठणठणीत. बँकेतला कुणी परका केला असता तर मला आज हा संजू मिळाला नसता, आणि कॉलर धरणारा माणूस मला हवाच होता.

पण परवा रात्री बाकावर आत्या आपणहून बोलली. आजी एका 'सोललेल्या' बाळाची गोष्ट सांगायची, आठवतं? तू सुट्टीत आली होतीस तेव्हा तिने आपल्याला घाबरवलं होतं. ती गोष्ट नव्हती गं. आत्याच्या पाठचा भाऊ. काचेसारखा चकाकत होता म्हणे, चार दिवसांत गेला, विहिरीकडच्या बांधाशी पुरला. आणि आजीही आजोबांच्या मामाचीच मुलगी. आत्याला हे सगळं माहीत, दादांना माहीत. तुझ्या तक्त्यात घालायला मला आता एक काळा चौकोन आणि एक काळा गोल सापडलाय.

डॉक्टर म्हणतात बाळाचं आणि आम्हा दोघांचं रक्त जनुक-तपासणीला पाठवा. यात टीजीएम1 नावाचं जनुक बऱ्याचदा बिघडलेलं निघतं, पण दुसरीही आहेत. नेमकं कळलं तर पुढच्या खेपेला 11 ते 13 आठवड्यांत पोटातल्या बाळाचं तपासता येतं. नाहीतर दर खेपेला चारात एक बाळ असं, नाणं उडवत बसायचं. संजू सही करायला तयार आहे. आत्या आणि आई म्हणतात नको. का नको, ते ऐक.

पिंकीची अक्षय्यतृतीयेला सुपारी आहे. नीलेशशी. हो, माझ्या दिराशी. दोघी बहिणी एका घरात, आईला कोण आनंद. दोघं एकमेकांवर जीव टाकतात हेही खरं, कुणी लादलेलं नाही. आता मी संजूला बसवून हिशेब केला. आम्ही दोघं वाहक निघालो, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बिघडलेलं जनुक अंगात, तर पिंकी वाहक असायची शक्यता निम्मी, नीलेशची निदान निम्मी. दोघंही असण्याची चारात एक. तसं निघालं तर दर बाळामागे पुन्हा चारात एक. आज काहीच न तपासता म्हटलं तर सोळात एक. तपासून घ्यायची तर आमचा रिपोर्ट आल्यावर दोघांचा एकेक रक्ताचा नमुना पुरतो. दोघांतलं एकजण जरी मोकळं निघालं तरी असं बाळ व्हायचं भय जवळजवळ संपलंच. लग्न मोडायला कुणी सांगत नाही. पण आई म्हणते, रिपोर्ट कागदावर आला की भावकीत फिरणार, पोरीला डाग लागणार. आणि मी बोलले तर स्वतःचं झालं म्हणून बहिणीच्या सुपारीत विघ्न आणते, असं होणार. पिंकीने तर काल मला तोंडावर विचारलं, तू का अशी बघतेस माझ्याकडे?

संजूकडून सही घेऊन मी उद्या रक्त देणार आहे. आईला रिपोर्ट आल्यावरच सांगेन. पण रिपोर्टला चार-सहा आठवडे लागतात, आणि तोवर पिंकीशी कुणीतरी बोलायला हवं. ते माझ्याने होत नाही. ती तुझं ऐकते, तुझ्यासारखे केस कापून आली तेव्हा मी तुला शिव्या दिल्या होत्या. तिला तक्ता काढून दाखव. आठवा हिस्सा वगैरे व्याख्यान नको, तिला फक्त सोळात एक सांग आणि नमुन्याचं सांग. नीलेशला घेऊन ये म्हण. आणि तिने 'नाही तपासायचं' म्हटलं, तर तिच्याशी भांडू नकोस. एकदा भांडून बघितलंयस.

तुझी ठाण्याची बदली पक्की झाली का? काकूंच्या गुडघ्यांचं काय ठरलं? तो दाढीवाला लॅबमधला अजून डबा आणतो का, हे सविस्तर कळव, मला करमणूक हवीय.

पिंकी क्लासवरून साडेपाचला सुटते, तेव्हा फोन कर. घरी असताना केलास तर आई स्पीकरवर टाकते.

तुझी,
सुमी

ता.क. नाव अजून ठेवलं नाही, फाइलीवर 'बेबी ऑफ सुमन' आहे. तुझं नाव ठेवणार नाही, आशेवर राहू नकोस.