मानेची देशासाठीची कामगिरीही मोजा

महोदय,

आफ्रिकी फुटबॉलपटूची थोरवी केवळ युरोपातील क्लबसाठी केलेल्या गोलांवरून ठरवणे अन्यायाचे आहे. सेनेगलच्या सादिओ मानेचेच पाहा. बांबाली या खेड्यातला हा मुलगा मेत्झ, साल्झबर्ग आणि साउदॅम्प्टन या क्लबांमार्गे इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला पोहोचला आणि २०१९ मध्ये त्याने चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली, हे सर्वश्रुत आहे. परंतु २०१७ च्या आफ्रिका चषकात (आफ्रिकी देशांच्या स्पर्धेत) कॅमेरूनविरुद्ध त्याचीच पेनल्टी अडवली गेली आणि सेनेगल उपांत्यपूर्व फेरीत गारद झाला, याचा उल्लेख क्वचितच होतो. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, कॅमेरूनमधील याउंदे येथे याच चषकाच्या अंतिम सामन्यात, सातव्याच मिनिटाला मिळालेली त्याची पेनल्टी इजिप्तच्या गोलरक्षकाने अडवली. तरीही बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये संघाचा पाचवा, निर्णायक फटका मारायला मानेच पुढे आला आणि त्याने सेनेगलला पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले. एवढे दडपण पेलायला विलक्षण धैर्य लागते, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हाच सर्वोच्च क्षण होय. त्याच वर्षीच्या विश्वचषकाला मात्र दुखापतीमुळे त्याला मुकावे लागले. आपल्या क्रीडापानावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगइतकीच जागा आफ्रिका चषकालाही मिळावी, ही आग्रहाची विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर