खिडकी मोठी, पण वारा कुठे?

महोदय,

घरांविषयीच्या पुरवण्यांमध्ये ‘निसर्गाच्या कुशीतले घर’ म्हणून जे दाखवतात, ते पाहून हे पत्र लिहीत आहे. जमिनीपासून छतापर्यंत काच, पलीकडे हिरवळ, कोपऱ्यात कुंड्या. फोटो छानच येतो. पण उष्ण हवामानात त्या काचेमागे दुपारी तीनला कोणी बसून पाहिले आहे का?

आम्ही घर बांधले ते असेच. पश्चिमेला भलीमोठी खिडकी आणि समोरची भिंत बंद. एकदा वैतागून खिडकीच्या चौकटीला शिवणाचा दोरा चिकटवून लोंबता सोडला. बाहेर फांद्या हलत होत्या, खिडकी सताड उघडी होती, दोरा मात्र ढिम्म. मग जिन्याच्या माथ्यावरचे वीतभर तावदान उघडले आणि दोरा आतल्या बाजूला झुकला. हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, तर ती आत येणार कशी? त्यातून गरम हवा वर चढते. वर झरोका असला की खालून ताजी हवा ओढली जाते. नकाशा करताना हे कोणी बोलले नाही. आम्हीही विचारले नाही म्हणा. आमचे सगळे लक्ष एलिव्हेशनवर, म्हणजे घराच्या दर्शनी रूपावर!

उन्हाचेही तसेच. आतला पडदा ऊन अडवतो ते काच ओलांडून आल्यावर, तोवर उष्णता घरात शिरलेली असते. डोक्यावरचे ऊन छज्जा थोपवतो; पश्चिमेचे कलते ऊन त्याच्याखालून थेट आत येते. तिथे झाड, वेल चढवलेली जाळी किंवा बाहेरून उभ्या पट्ट्याच हव्यात.

कुंड्यांबद्दल मात्र मी जरा कडू बोलणार आहे. कोरड्या उष्म्यात घराच्या मधल्या चौकातले पाणी आणि झाडे गारवा देतात. जाड भिंती, दिवसा मिटलेल्या आणि रात्री उघडलेल्या खिडक्याही तिथे कामाला येतात. इराणमधल्या यझ्द शहरातले वारा खेचणारे मनोरे अशाच वाळवंटी हवेतले. दमट हवेत घरभर झाडे कोंबली तर ओलावाच वाढतो. तिथे झाडे बाहेर सावलीला आणि घरात आरपार वारा हवा. डासांची जाळीही वारा बराच अडवते, म्हणून खिडकीचे माप जाळी गृहीत धरूनच ठरवावे.

एक विनंती. अशा घराच्या फोटोशेजारी उत्तर दिशेच्या बाणासह नकाशाही छापा. वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, ते वाचकाला बोट ठेवून पाहता येईल.

– एक वाचक