थांबायला शिकवणाऱ्या ताईंना

अपघातात बाबांच्या डोक्याला डावीकडे मार लागला. जीव वाचला, पण तोंडून एकच शब्द निघे: "तेच". तहान लागली तरी "तेच", दुखलं तरी "तेच". आम्ही आपले त्यांच्याशी ओरडून बोलायचो. (कान ठणठणीत होते!)

स्पीच थेरपिस्ट ताईंनी आधी आम्हालाच गप्प केलं. हा अफेजिया, मेंदूच्या इजेमुळे बोलणं अडतं तो; बाबांना समजतं, पण शब्द सापडत नाहीत, म्हणाल्या. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी जवळपास फक्त "टॅन" एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाची नोंद केली होती, हेही सांगितलं. बाबा जगावेगळे नाहीत, एवढं कळलं आणि आईला रडू फुटलं.

मग बाबांचा डावा हात धरून, अक्षरागणिक हलका ठोका देत त्या सुरात म्हणायच्या, "पा-णी". बाबा अडले की शब्द पुरवायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. आम्हाला ते थांबणंच सोसायचं नाही. नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "पा...णी". ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. उठून पेला भरून दिला.

ताई, नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. बाबा आता आईला हाक मारतात, थोडी गाऊनच. तुमचे मनापासून आभार.