माती तीच, मात्रा त्याच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ (वसंताचा विधी) या नृत्यरचनेच्या पुनरुज्जीवनाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेले टिपण वाचले. त्यात या प्रयोगाला ‘आफ्रिकी अवतार’ म्हटले आहे, ते पटले नाही. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्की यांच्या १९१३ सालच्या बॅले-संगीतावर बाउश यांनी १९७५ मध्ये जर्मनीतील वुपरताल येथे बसवलेली ही रचना आफ्रिकेतील १४ देशांच्या तीसहून अधिक नर्तकांनी मात्रेला मात्रा जुळवून उचलली आहे. त्यात ना ढोल आले, ना पेहराव बदलला.

नाटक निदान छापील संहितेवरून पुन्हा उभे करता येते. नृत्य शिकवावे लागते ते अंगाने अंगाला. चित्रफितीत कोपर किती वर गेले ते कळते, श्वास कुठे सोडला ते कळत नाही. म्हणूनच बाउश यांच्याकडे नाचलेल्या जो ॲन एंडिकॉट यांच्यासारख्या ज्येष्ठांनी सेनेगलमध्ये, नर्तकी जर्मेन आकोन्यी यांच्या ‘एकोल दे साब्ल’ या नृत्यसंस्थेत, जाऊन तालमी घेतल्या. मार्च २०२० मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथला पहिलाच प्रयोग कोविडमुळे रद्द झाला, तेव्हा पांगण्यापूर्वी ही मंडळी समुद्रकिनारी वाळूतच सगळी रचना नाचली.

जून २०२२ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात मी प्रयोग पाहिला. मध्यंतरात चहाला उठावेसे वाटेना, कारण रंगमंचावर कामगार काळपट माती ओतून दंताळ्यांनी सारखी करत होते. त्या मातीवर लाल झगा अंथरून एक मुलगी पालथी पडलेली दिसते, तिथून सुरुवात. पुढे तो झगा एकीच्या हातून दुसरीच्या हाती जातो, कोणालाच तो नको असतो. अखेर ज्या मुलीच्या अंगावर चढतो तिने मरेपर्यंत नाचायचे. अर्ध्या तासात सगळ्यांचे फिके झगे मातीने माखतात आणि त्यांची धाप (माझी खुर्ची बरीच मागे होती, तरीही) स्पष्ट ऐकू येते.

मूळ बॅलेत आदिम टोळी वसंतासाठी एका मुलीचा बळी देते; युरोपने कल्पिलेला असा ‘आदिम’ बळीचा विधी आफ्रिकी नर्तकांकडून करवून घ्यावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि टिपणात तो यायला हवा होता. मात्र बाउश यांच्या रचनेत कोणतीही आदिम टोळी नाही. पुरुषांचा घोळका आहे, बायकांचा घोळका आहे आणि आता कोणाची पाळी, ही भीती आहे.

आणखी एक. त्याच कार्यक्रमाच्या पूर्वार्धात स्वतः आकोन्यी आणि बाउश यांच्या जुन्या सहकारी मालू ऐरोदो या सत्तरी ओलांडलेल्या दोघी जणी आपली नवी रचना नाचल्या. टिपणात दोघींचीही नावे नाहीत.

आपली,
एक वाचक, पुणे