आई-बाबांना, वर्कशॉपमधून

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "एवढं शिकलीस आणि शेवटी प्लास्टरातच हात घातलेस." आईचं उलटंच. आपली पोरगी मुंबईत अपंगांची सेवा करते, पुण्य कमावते, असं ती गल्लीभर सांगत सुटलीय. फोनवर माझं अर्धंच ऐकलं जातं, म्हणून लिहितेय.

आधी बाबा. तुमची हयात शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात गेली, तेव्हा तुम्हाला फार समजावायला नको. गुडघ्याखाली पाय कापलेलं माणूस नकली पायासाठी आलं की उरलेल्या भागावर, म्हणजे स्टंपवर, मी हाडांच्या खुणा करते आणि ओलं प्लास्टर बँडेज गुंडाळते. ते घट्ट झालं की उतरवायचं, आत प्लास्टर ओतायचं. खुणांसकट स्टंपचा साचा तयार. मग कानस. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा भार पेलतो, तिथलं प्लास्टर खरवडायचं. नडगीची धार आणि बाहेरच्या बारक्या हाडाचं डोकं दाब सोसत नाही, तिथे चढवायचं. त्यावर भट्टीत मऊ केलेला प्लॅस्टिकचा पाइप ओढला की सॉकेट, म्हणजे नकली पायाचा स्टंपवर चढणारा भाग, तयार.

बीड गार होताना आकसतं म्हणून तुम्ही पॅटर्नला शेकडा एक वाढवून धरायचात. इथे स्टंपच आकसतो, ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने तर फारच, आणि किती ते कुठल्या तक्त्यात नाही. आज नीट बसलेलं सॉकेट काही दिवसांनी ढिलं होतं. मग आत एक मोजा जास्त घालायचा, तोही पुरेना झाला की परत साच्यापासून सुरुवात.

मध्यंतरी एक कोळीण मावशी आल्या. साखरेपायी पाय गेलेला. नवा पाय लावून दोन दांड्यांमध्ये चार पावलं टाकली आणि म्हणाल्या, "बरं हाय." या आजारात कातडीला कळतच कमी, त्यामुळे मी सॉकेट उतरवून बघितलं. बाहेरच्या हाडावर लाल चट्टा. दहा मिनिटांत गेला तर ठीक. नाही गेला तर उद्या तिथे जखम, आणि ती चिघळली तर पुन्हा कापाकापी. चट्टा हटेना. मग त्या जागी लिपस्टिक लावली, सॉकेट चढवलं, उतरवलं. आत डाग कुठे उमटला ते दिसलं. (दोन भाग जुळतात का बघायला फिटर निळा रंग लावायचे ना, तेच.) तेवढीच जागा गरम करून बाहेर ढकलली. मग परत चढव, परत उतरव. दुपार त्यातच गेली. शेवटी मावशी चालल्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत, सुनेला तेवढं विचारलं, "मार्केटाला पहाटची गाडी कितीची?"

घरी जाताना मी उगाच खुशीत होते. कास्टिंग बिनभोकाचं निघालं की तुम्ही शीळ घालत घरी यायचात, तशी.

आता आई. पुण्याचं बोलणं बंद कर बाई. मी पगार घेते. कंपनीतल्या दादापेक्षा कमी, पण घेते. आणि खरी अडचण वेगळीच आहे. फुकट मिळालेला पाय टोचला तरी माणूस बोलत नाही, देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून. मावशींचं "बरं हाय" त्यातलंच. आमच्याकडे येणाऱ्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकासारखी कटकट करावी, असं मला वाटतं. १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी पाय बनवला, तो कशासाठी? आधीच्या पायांना बूट लागायचा. उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात जाता येत नव्हतं. शर्मा डॉक्टर नव्हते बरं का, कारागीर होते. बाबांनी हे दोनदा वाचावं.

सगळे दिवस असे जात नाहीत. अर्धा वेळ कागदपत्रांत जातो, आणि काही माणसं पाय घेऊन जातात ती परत दिसतच नाहीत. तो पाय वापरात आहे की कपाटामागे पडलाय, कळत नाही. तेव्हा चिडचिड होते. पण काम बदलावंसं वाटत नाही, एवढं लक्षात घ्या आणि दर रविवारी तो विषय काढू नका.

बाबा, माळ्यावर तुमची लाकडाची अर्धगोल कानस असेल, जाड दातांची. इथल्या कानशीत ओलं प्लास्टर अडकून बसतं. दादा येणार आहे त्याच्याकडे द्या. आणि आईनं गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

तुमची,
ताई