एनग्रेव्हरला पेटी कर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

नव्या लेझर एनग्रेव्हरचे फोटो मिळाले. पिंपळपानाच्या शिरा लाकडावर इतक्या बारीक उतरल्यात की हात फिरवून पाहावासा वाटला. पण एका फोटोत यंत्र चालू आहे, तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि मीरा टेबलाला हनुवटी टेकून बघत बसली आहे. तिच्या डोळ्यांवर काहीच नाही. म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुझा लेझर 10 वॉटचा, निळा, 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा. अर्ध्या वॉटच्या वर गेला की लेझर वर्ग 4 मध्ये, म्हणजे सगळ्यात धोकादायक गटात मोडतो. यात थेट किरण तर सोडच, लाकडावरून विखुरलेला प्रकाशही जवळून डोळ्याला इजा करू शकतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, तोवर उशीर झालेला असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे मीरा ‘दुखतंय’ असंही म्हणणार नाही. हेडभोवतीचं, म्हणजे किरण निघतो त्या भागाभोवतीचं, छोटं नारिंगी आवरण बराच प्रकाश अडवतं, पण खालच्या फटीतून तो निसटतो, चकचकीत धातूवर तर जास्तच. चष्म्याने तुझे डोळे वाचतील, पेटीने घरातल्या सगळ्यांचे.

पेटी प्लायवूडची कर आणि आतून काळा मॅट रंग दे. चकचकीत पत्रा आत नको. खिडकीसाठी नुसतं नारिंगी दिसतं म्हणून अ‍ॅक्रिलिक उचलू नकोस. निळा किती अडतो हे बघून कळत नाही. 450 नॅनोमीटरला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे प्रकाश अडवण्याचं माप) किती, हे विकणाऱ्याकडून लेखी घे. ओडी 4 म्हणजे दहा हजारांतला एक भाग पलीकडे जातो, ओडी 6 म्हणजे दहा लाखांतला एक. तुझ्या 10 वॉटचा हिशेब केला तर पहिल्यात 1 मिलीवॉट उरतो, दुसऱ्यात त्याचाही शंभरावा हिस्सा. मी 6 च घेईन. अर्थात हे विखुरलेल्या प्रकाशापुरतं. थेट किरण एका जागी पडत राहिला तर अ‍ॅक्रिलिक वितळतं. खरं तर आत कॅमेरा लावलास तर खिडकीच नको. आणि पुढेमागे 1064 नॅनोमीटरचं इन्फ्रारेड हेड घेतलंस तर या खिडकीवर विसंबू नकोस. तो प्रकाश दिसतच नाही.

झाकणाची कड पेटीच्या कडेवर दोन बोटं तरी उतरू दे. पेटी तयार झाली की रात्री दिवे घालव, आत एक टॉर्च लावून ठेव आणि चहूबाजूंनी बघ. जिथून उजेड डोकावेल तिथे काळी पट्टी लाव. हे करताना लेझर मात्र बंदच असू दे.

झाकणाला मायक्रोस्विच हवाच. झाकण बसलं की दाबला जाऊन जोडणी पूर्ण होईल, उघडलं की तुटेल, असा लाव. म्हणजे वायर निखळली तरी लेझर बंदच राहील. त्याने लेझरचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे, नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नकोस. मीराने मध्येच झाकण उचललं तरी धोका नको.

धुरासाठी मागे पंखा आणि खिडकीबाहेर जाणारा पाइप दे. हवा आत येण्याच्या भोकासमोर आडवी फळी लाव, म्हणजे हवा वळून आत येईल, उजेड सरळ बाहेर पडणार नाही. पीव्हीसी किंवा रेक्झिन आत घालूच नकोस, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. आणि पेटी झाली तरी यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नकोस. लाकूड पेट घेऊ शकतं.

यंत्राची लांबी, रुंदी आणि हेड सगळ्यात वर असतानाची उंची कळव, मी कापायच्या फळ्यांची मापं काढून पाठवतो. तोवर यंत्र चालू असताना मीराला त्या खोलीत येऊ देऊ नकोस.

तुझा,
विनय