आबांची रजा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

आबांच्या १९७१ च्या लढाईतल्या दोन पदकांचा, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल'चा, फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आहे. १६ डिसेंबरला ऑफिसात लावायचा म्हणतेस, जरूर लाव. पण 'शत्रूला धूळ चारणारे माझे आजोबा' ही खालची ओळ वाचून आबा म्हणाले असते, "हिला कुणी सांगितलं हे?" पारावर कुणी विचारलंच, आबा, किती मारले, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्यो हिशेब कंपनी क्लार्ककडं असतोय."

म्हणून ते आपणहून जे बोलायचे तेवढंच तुला कळवतो.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. ही पलटण १७६८ सालची. १९७१ च्या डिसेंबरात ती ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली. कमलपूर, बक्षीगंज, मग जमालपूर. ही नावं तुला कुठेही मिळतील. आबा बोलायचे ते पाण्याबद्दल. माण तालुक्यातला गडी, त्याची नदी माणगंगा, आणि माणगंगा म्हणजे वर्षातला बराच काळ नुसती वाळू. त्याला जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावर उभा केला आणि सांगितलं, होडीतून पलीकडे जायचंय. सेक्शनमधल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं. "दुश्मनाचं भ्या मागनं, आधी पान्याचं," असं म्हणून ते हसायचे. होड्या तिथल्या गावकऱ्यांच्या, जड सामान ओढायला बैलगाड्याही त्यांच्याच. कुणी ओंजळभर मुढी हातावर ठेवायचं. मुढी म्हणजे आपले चुरमुरे गं.

जमालपुरात '३१ बलुच' ही पाकिस्तानी पलटण होती. आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला तिच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांना, शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. ती घेऊन गेला तिथलाच एक म्हातारा, सायकलवरून. उत्तर आलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. फौजेत हा किस्सा फार रंगवून सांगतात, आणि सांगणारे सगळे त्या गोळीवर येऊन थांबतात. आबांच्या डोक्यात मात्र तो म्हातारा बसला होता. "आमच्या हातात हत्यार तरी व्हतं. त्याच्याकडं काय व्हतं? सायकल!"

१० डिसेंबरच्या रात्री पलटण जमालपूरच्या दक्षिणेला, ढाक्याकडे जाणारी सडक अडवून बसली होती. बलुच त्याच वाटेने निसटायला निघाले आणि थेट पलटणीवर येऊन आदळले. या रात्रीबद्दल आबा वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलले, "लई आवाज व्हता." पुढे केव्हातरी, मी चाळिशी ओलांडल्यावर, लोडशेडिंगमध्ये आम्ही दोघं अंगणात बसलेलो असताना त्यांनी पुढचं सांगितलं. उजाडल्यावर पडलेल्यांचे खिसे तपासायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. एकाच्या खिशात मनीऑर्डरची पावती निघाली. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं, पण दर महिन्याला स्वतः मनीऑर्डर करणाऱ्याला पावती ओळखायला भाषा कशाला लागते? कितीची होती ते ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मग वीज आली, ते उठून झोपायला गेले.

१६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानच्या शरणागतीच्या सह्या झाल्या तेव्हा आपण ट्रकखाली घोरत होतो, असं ते सांगायचे. खरं असेल. बरेच दिवसांची झोप थकली होती.

इकडे आजीला काहीच कळत नव्हतं. ९९ एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा, शिक्का असलेलं पत्र आलं की ती ते घेऊन गुरुजींकडे जायची. त्यातला मजकूर नेहमी एकच, मी खुशाल आहे, म्हशीला पेंड घाला. १९७२ च्या मार्चमध्ये आपली फौज बांगलादेशातून परतली आणि त्यानंतर आबा थोड्या दिवसांच्या रजेवर आले. हलगी लावून गावाने त्यांना वेशीतून आणलं, आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिच्या लेखी 'घरी येणं' एवढंच असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

पण त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बाहत्तरचा दुष्काळ तू पुस्तकात वाचला असशील. ती पेंड खाणारी म्हैस दिवाळीआधीच विकावी लागली.

मोठी रजा मिळाली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. आबा एसटीतून उतरून ट्रंक खांद्यावर घेऊन आले तर दाराला कडी. गल्लीत एक म्हातारी तेवढी बसलेली. ती म्हणाली, समदी तलावावर गेल्यात. पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. मी पाच-सहा वर्षांचा होतो, तिथेच एका खोपटाच्या सावलीत बसलेला. उन्हातून युनिफॉर्ममधला माणूस ट्रंकेसकट चालत येताना मला दिसला. तो आपला बाप आहे हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. आजी खडी फोडत होती. डोळ्यात कपच्या जाऊ नयेत म्हणून पदर नाकावरून घट्ट गुंडाळलेला, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "आलासा? सावलीला बसा. हे माप पुरं करती."

आबा बसले, पण सावलीला नाही. तिच्या शेजारी बसून तिच्या हातातली हातोडी घेतली. मुकादम धावत आला, मस्टरवर नाव नाही तर पगार मिळणार नाही म्हणाला. आबा म्हणाले, "पगार सरकार देतंय मला, दुसरीकडनं." पुढची सगळी रजा ते असेच बिननावाचे कामावर गेले. दुपारी कामावर सुकडी मिळायची, रात्री घरी मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी. त्यांनी आणलेले पलटणीच्या लंगरातले शक्करपारे मी दोन दिवसांत संपवले आणि आजीच्या हातचा मार खाल्ला.

पाण्याबद्दल ते पहिल्यांदा तिथे बोलले, खडी फोडताना, सगळ्या बायांसमोर. एवढी रुंद नदी, पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसतो. बायांना ते खरं वाटेना. एकीने विचारलं म्हणे, "मग आनायची की थोडी!" पुढे आबांकडे कुणी लढाईचा विषय काढला की ते याच वाक्यावर गाडी आणायचे. मेडलपेक्षा त्यांना ते जास्त आवडायचं, असं माझं मत. तुझी आत्या म्हणते, तसं नाही, मेडल ते दर दसऱ्याला पुसायचे. पुसायचे, हे खरं. ठेवायचे मात्र रेशनकार्डाच्या डब्यात.

तर मजकुराचं तू बघ. नुसतं 'जंगी पलटण, जमालपूर, १९७१' लिहिलंस तरी चालेल.

आणखी हवं असेल तर आजीला फोन कर, संध्याकाळी सातनंतर. दिवसा कानातलं मशीन ती काढून ठेवते. युद्धाचं विचारलंस तर "मला काय ठावं" म्हणेल. तलावाच्या कामाचं विचार. मुकादमाला ती अजून शिव्या देते, तेवढं रेकॉर्ड करू नकोस, त्याचा नातू आपल्या शेजारीच राहतो.

तुझे
बाबा